रिकामी टाकी वर येते

आषाढातल्या अमावास्येला सकाळी साडेनऊ वाजता आमच्या साइटवरचा पंप बंद करण्यात आला. दुपारी साडेचार वाजता पाण्याची टाकी जमिनीतून वर आली. टाकी आणि खड्ड्याची कड यांच्यामधल्या जागेत हरिश्चंद्र भोईर होते. कडेची माती आत आली. त्यांना बाहेर काढायला पन्नास मिनिटं लागली. ते वारले होते.

या अंकाच्या संपादकांनी मला ‘बांधकाम क्षेत्रातले गमतीदार अनुभव’ असा विषय दिला होता. गमतीदार अनुभव माझ्याकडे आहेत, त्यांतले एक-दोन सांगणारही आहे. पण ज्या गोष्टीमुळे मी नोकरीची शेवटची चार वर्षं न करता घरी बसले, ती बाजूला ठेवून गमती सांगणं मला जमणार नाही. संपादकांनी तसंच छापायचं कबूल केलं, म्हणून लिहिते आहे.

मी स्थापत्य अभियंता. माझं काम जमिनीखालचं. इमारत लोकांना दिसते ती जमिनीच्या वर. तिच्या खाली किती खणायचं, तिथे माती कसली आहे, पाणी किती वर येतं हे पाहणं माझ्याकडे असे. ठाण्यापासून टिटवाळ्यापर्यंत तीस-एक वर्षं मी खड्डेच पाहिले. माझी आई म्हणायची, “एवढी शिकलीस आणि जन्मभर खड्ड्यात.” डोंबिवलीच्या आमच्या चाळीत ती ओळखीच्यांना मी ‘सरकारी खात्यात’ आहे असं सांगत असे. मी सरकारी खात्यात एक दिवसही नव्हते.

आमच्या भागात, विशेषतः खाडीच्या बाजूला, जमीन म्हणून जे काही विकलं जातं त्याच्या खाली हात-दोन हातांवर पाणी असतं. पूर्वी तिथे मिठागरं होती, भातखाचरं होती, खारफुटी होती. वर मुरूम टाकला, रोलर फिरवला, कंपाउंड घातलं की त्याला प्लॉट म्हणतात. पाण्याला हे कोणी कळवलेलं नसतं. ते आपल्या जागी असतं.

आता प्रत्येक इमारतीला जमिनीखाली पाण्याची टाकी लागते. काँक्रीटची, एखाद्या मोठ्या खोलीएवढी. लोकांना वाटतं, एवढं जड काँक्रीट जमिनीत पुरलं म्हणजे संपलं, ते कुठे जातं? ते वर जातं. टाकी रिकामी असेल आणि भोवतीच्या मातीत पाणी भरलं, तर ती टाकी होडीसारखी तरंगते. वस्तू जेवढं पाणी बाजूला सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतक्या जोराने पाणी तिला वर ढकलतं. हा धडा आपण सगळे शाळेत शिकलो आहोत. न्हाणीघरातून तसाच धावत सुटलेल्या त्या ग्रीक गृहस्थाला सगळे हसलोही आहोत. वस्तूचं वजन त्या जोरापेक्षा जास्त असेल तर ती बुडते, कमी असेल तर तरंगते. वस्तू कशाची आहे याचा प्रश्न नाही. लोखंडाचा खिळा बुडतो आणि लोखंडाचं जहाज तरंगतं, ते याच हिशेबाने. काँक्रीटचा ठोकळा बुडेल. काँक्रीटच्या टाकीत मात्र बहुतेक जागा हवेची असते.

हे मला पुस्तकातून माहीत होतं. डोळ्यांनी पहिल्यांदा पाहिलं ते टिटवाळ्याला.

तिथे एका बंगल्याच्या आवारातली नवी सेप्टिक टँक एका पावसाळ्यात दीड फूट वर आली. मालक निवृत्त मुख्याध्यापक होते. सेप्टिक टँकच्या झाकणावर त्यांनी तुळशीवृंदावन बांधलं होतं, तेही तिच्याबरोबर वर आलं आणि कललं. मी पोचले तेव्हा ते छत्री घेऊन तिच्यासमोर उभे होते.

“भूकंप झाला असणार,” ते म्हणाले.

“नाही सर. टाकी तरंगली आहे.”

“काँक्रीट?” त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा आठवीच्या वर्गात बाकावर उभी राहिले. “बाई, मी अठ्ठावीस वर्षं विज्ञान शिकवलंय.”

तिथे पाणी उपसायला एक माणूस आला होता. चाळिशीचा, काटक, अर्ध्या चड्डीवर, डोक्याला रुमाल. त्याने बाजूचं लोखंडी घमेलं उचललं आणि साचलेल्या पाण्यावर ठेवलं. घमेलं तरंगलं. मग ओंजळीने त्यात पाणी घातलं. ते तळाशी गेलं. मग मुख्याध्यापकांकडे बघून तो म्हणाला, “सर, तुमची टाकी भरलेली असती तं कंदी वर आली नसती. तुमचा घरच नवीन, मानसा दोनच. भरंल कशी?”

मुख्याध्यापकांनी वाकून ते बुडालेलं घमेलं पाहिलं. मग म्हणाले, “हा प्रयोग मी मुलांना दाखवायला हवा होता. मी नुसता फळ्यावर लिहीत होतो.”

या मुख्याध्यापकांबद्दल मला आजही आदर आहे. ‘मला समजलं नव्हतं’ असं म्हणणारे साहेब मला पुढे फार भेटले नाहीत.

घमेलेवाले गृहस्थ म्हणजे हरिश्चंद्र भोईर. डोंबिवली पश्चिमेचे, खाडीकाठच्या गावातले आगरी. त्यांचे आजोबा-वडील मिठागरात होते. मिठागरं गेली, जमिनीचे तुकडे गेले, आणि भोईरांनी दोन पंप घेऊन लोकांच्या खड्ड्यांतलं पाणी काढायचा धंदा धरला. पुढची वीस वर्षं, जिथे मी खड्डा खणायला सांगितला तिथे पाणी काढायला ते होते. मी त्यांना दादा म्हणे, ते मला ताई. शिक्षण चौथी. माझ्या टेबलावर पुस्तकं दिसली की विचारत, “यान पान्याचा काय लिवलाय?” मी सांगे. ते ऐकून घेत आणि कधीकधी म्हणत, “बरोबर लिवलाय.” अशा वेळी मला परीक्षेत पास झाल्यासारखं वाटे.

त्यांची एक पद्धत होती. टाकीच्या खड्ड्यात एका कडेला ते भोकं पाडलेला प्लास्टिकचा पाइप उभा पुरत. मातीतलं पाणी त्यात शिरे. पाइपात एक बूच घट्ट बसवलेली रिकामी बाटली सोडत आणि बाटलीला बांबूची सरळ काठी बांधत. पाणी चढलं की बाटली चढे आणि काठी पाइपाच्या तोंडातून वर येई. काठीवर तांबड्या रंगाचा एक पट्टा असे. तो कुठे मारायचा हे मी गणित करून सांगायची. तांबडा पट्टा पाइपाबाहेर आला की टाकी धोक्यात. मग पंप जोरात चालवायचा, नाहीतर सरळ टाकीत पाणी सोडायचं. टाकी आतून जड झाली की वर येत नाही. एवढी साधी गोष्ट. दर तासाला भोईर पाइपाच्या तोंडाशी काठीवर पेन्सिलीने रेघ मारत आणि बाजूला वेळ लिहीत.

ठाण्याला टेंभी नाक्याजवळच्या एका जुन्या सोसायटीत याच गोष्टीवरून मोठी सभा झाली होती. नवरात्राआधी टाकी धुऊन घ्यायची म्हणून सेक्रेटरींनी ती संपूर्ण उपसायला काढली होती. भाद्रपद, जमीन पाण्याने फुगलेली. मी सांगितलं, अर्धी-अर्धी धुवा, पूर्ण रिकामी करू नका. सेक्रेटरी बँकेतून निवृत्त. ते उभे राहून म्हणाले, “मॅडम, काँक्रीट तरंगायला ते काय होडकं आहे?” सगळे हसले. भोईर मागे दाराशी उभे होते. ते म्हणाले, “साहेब, होडका तरी सांगून हलतंय.” मग जास्त हसले. टाकी अर्धी-अर्धी धुतली गेली. त्यांना पटलं म्हणून नव्हे, पंप भोईरांचे होते म्हणून.

आता अमावास्येचा दिवस.

साइट डोंबिवली पश्चिमेला, खाडीपासून हाकेच्या अंतरावर. टाकी बांधून झाली होती, वरचा स्लॅब व्हायचा होता. कडेने माती भरायची होती. आत वॉटरप्रूफिंगचा थर दिला होता आणि तो वाळेपर्यंत टाकी कोरडी ठेवायची होती. म्हणजे उघडी, हलकी, रिकामी होडी. तिला खाली धरून ठेवणारी एकच गोष्ट होती, भोईरांचा पंप. तो रात्रंदिवस चालू होता.

पंपाचं गढूळ पाणी गेटपाशी रस्त्यावर वाहत होतं. त्याच दिवशी सॅम्पल फ्लॅट पाहायला लोक येणार होते. अमावास्येला बुकिंग कोणी करत नाही, म्हणून ‘नुसतं बघायला या’ असं आमंत्रण होतं. मी कल्याणला महापालिकेच्या कचेरीत एका फायलीसाठी बाकावर बसले होते. साडेनऊच्या सुमारास विक्रीचे प्रमुख नितीन यांचा फोन आला.

“मॅडम, पंप थोडा वेळ बंद केला तर चालेल ना? गेटसमोर पूर्ण चिखल झालाय. लेडीज लोक येणारेत, लहान मुलं येणारेत. भोईर ऐकत नाहीये. तुमचं नाव सांगतो.”

मी मनात हिशेब केला. आमच्याकडे पाणी चढण्याच्या वेगाची चाचणी होती. ताशी वीतभरसुद्धा नाही. “दोन तास,” मी म्हणाले. “त्यापुढे एक मिनिट नाही.”

मग भोईरांनी फोन घेतला.

“ताई, आज आवस हाय.”

“माहितेय दादा.”

“उधानाची भरती हाय. खाडी बाराला भरंल. आपले खड्ड्यान तीनला येल.”

“दादा, दोन तासांत काही होत नाही. मी गणित केलंय.”

“बरा,” म्हणाले.

माझं गणित ज्या चाचणीवर होतं, ती अष्टमीच्या सुमारास घेतलेली होती. त्या दिवसांत खाडीचं पाणी कमी चढतं. त्याला इथले लोक भांगेचे दिवस म्हणतात. हे मला माहीत होतं. भोईरांनीच शिकवलं होतं. चाचणीच्या कागदावर तारीख होती, तिथी नव्हती. तिथी बघायची ती आईने, उपासाला, असं माझ्या शिक्षणाने माझ्या डोक्यात बसवलं होतं. खाडीकाठी तीस वर्षं काम करून मी चंद्राला विचारात घेतलं नाही. ही चूक माझी, आणि ती मी लेखी कबूल केली आहे. ती कबुली कुठे गेली ते पुढे सांगते.

साडेअकराला पंप सुरू झाला नाही. पाहुणे उशिरा आले. मग त्यांचं खाणं झालं. पंप कोणी मधेच सुरू करू नये म्हणून नितीन यांनी विजेच्या पॅनेलच्या पेटीला कुलूप लावलं होतं. दोनच्या पुढे ते पाहुण्यांच्या शेवटच्या गाडीबरोबर निघून गेले. किल्ली त्यांच्या खिशात.

ज्या साहेबांची मी वाट पाहत होते त्यांना फोन वाजलेला आवडत नसे, म्हणून मी फोनचा आवाज बंद ठेवला होता. तीन वाजून दहा मिनिटांनी भोईरांचा फोन आला होता. तीन चाळीसला पुन्हा. मी चार वाजून पस्तीस मिनिटांनी पाहिलं. मी फोन लावला तेव्हा तो वाजत राहिला.

मधल्या वेळात काय झालं ते वॉचमनने सांगितलं. भोईरांनी कुलूप पहारीने उचकटायचा प्रयत्न केला, ते निघालं नाही. नितीन यांना फोन केला, त्यांनी ‘येतोय’ म्हणून सांगितलं. चारनंतर बांधकामाच्या पाण्याचा टँकर आला. भोईरांनी त्याचा पाइप खांद्यावर घेतला आणि टाकीकडे धावले. टाकीत पाणी सोडायचं होतं. पाइप कडेवरून टाकीत पोचत नव्हता, म्हणून ते खड्ड्यात, टाकीच्या भिंतीलगत उतरले. त्याच वेळी टाकीची खाडीकडची बाजू उचलली गेली.

म्हणजे ते पळत नव्हते. झोपलेले नव्हते. ते टाकी वाचवत होते.

पंधरा दिवसांनी चौकशीचा मसुदा आला. त्यात एक वाक्य होतं: ‘पंपचालकाने पंप वेळेवर सुरू न केल्याने दुर्घटना घडली.’

बेबीवहिनी, भोईरांच्या पत्नी, तो कागद घेऊन माझ्या घरी आल्या. त्यांना वाचता येत नव्हतं. मुलीने वाचून दाखवलं होतं. चहा घेतला नाही. म्हणाल्या, “ताई, गावान बोलतात, हरिश्चंद्र दारू पिऊन झोपलेला. त्याने जन्मात दारू घेतली नाय, तुना माहिती हाय. मना दुसरा काय नको. येवढी वल पुसून दे.” वल म्हणजे ओळ.

मी चार पानी निवेदन लिहिलं. पंप कोणी बंद केला, कुलूप कोणी लावलं, किल्ली कुठे होती. दोन तासांची परवानगी मी दिली, अमावास्येचा विचार केला नाही, हेही लिहिलं. सोबत भोईरांची त्या दिवशीची काठी नेली. खड्ड्यातून ती अखंड निघाली होती.

कंपनीच्या एका संचालकांनी मला केबिनमध्ये बसवून घेतलं. “मॅडम, तुम्ही कशाला स्वतःला अडकवून घेताय? माणूस तर गेला. त्याला आता काय फरक पडतो?”

“त्याच्या बायकोला पडतो.”

“तिला आम्ही वाऱ्यावर सोडणार आहोत का?”

मी म्हणाले, “ती काही मागायला आलेलीच नाही. एक वाक्य खोडा म्हणते आहे.” त्यांना हे खरोखरच समजलं नाही. मागणारा माणूस त्यांना समजत होता.

चौकशी अधिकाऱ्यांसमोर मी काठी ठेवली.

“हे काय?”

“टाकीभोवतीच्या पाण्याची पातळी. दर तासाची. मृत व्यक्तीने स्वतः नोंदवलेली.”

त्यांनी काठी बोटाने जराशी ढकलली. “हिचं कॅलिब्रेशन झालंय का? प्रमाणपत्र?”

“साहेब, बाटली पाण्यावर तरंगते. तिला प्रमाणपत्र लागत नाही.”

“पुरावा म्हणून असं काही घेता येत नाही, मॅडम.”

टेबलापलीकडे बसलेले चारही जण इंजिनियर होते. चौघांनीही तो ग्रीक गृहस्थ परीक्षेत लिहून मार्क मिळवलेले होते. तिथे एक घमेलं आणि बादली असती तर बरं झालं असतं, असं मला फार वाटलं. पण ते विचारत होते ते न समजल्यामुळे नव्हे. टिटवाळ्याच्या मुख्याध्यापकांना समजत नव्हतं म्हणून त्यांनी विचारलं, आणि समजल्यावर चूक कबूल केली. या चौघांना पहिल्या मिनिटाला समजलं होतं.

अंतिम अहवालात ते वाक्य नव्हतं. त्याच्या जागी होतं: ‘अतिवृष्टीमुळे भूजलपातळी अचानक वाढून टाकी उचलली गेली. कोणाचाही दोष आढळून येत नाही.’ माझं निवेदन जोडपत्रांच्या यादीतसुद्धा नव्हतं. माझी चूकही त्यांनी माझ्याकडून काढून घेतली आणि पावसाच्या नावावर लावली.

मी अहवाल घेऊन बेबीवहिनींकडे गेले. त्यांच्या मुलीने तो मोठ्याने वाचला. ‘अतिवृष्टी’ म्हणजे काय ते मी सांगितलं. वहिनींनी थोडा वेळ ओटीवरच्या सुपाकडे पाहिलं.

“त्या दिवशी पाऊस?” त्या म्हणाल्या. “त्या दिवशी ऊन होता. किती दिवसांनी पडला म्हनून मी सुके बोंबील बाहेर घातलेले. मना निरोप आला तवा मी तेच उचलत होते.”

खरं आहे. त्या दिवशी ऊन होतं. सॅम्पल फ्लॅटच्या गॅलरीत काढलेले फोटो पुढे जाहिरातीत आले. सगळ्यांनी उन्हाने डोळे बारीक केले आहेत. पाठीमागे कोपऱ्यात, नीट पाहिलं तर, खड्ड्याची कड दिसते.

मी त्या महिन्यात राजीनामा दिला. पुढे मी दोन ठिकाणी पत्रं पाठवली. एका ठिकाणाहून पोच आली. दुसरीकडून तीही नाही. कोणी म्हणेल, वहिनींना हवं होतं ते मिळालं, वाक्य गेलं. वहिनी तसं म्हणत नाहीत. त्या म्हणतात, “चूक त्याची नव्हती, असा कुठं लिवलाय? नुसता काय नाय लिवलाय.”

म्हणून इथे लिहिते. चूक हरिश्चंद्र भोईर यांची नव्हती. त्यांनी सकाळी साडेनऊला सांगितलं होतं की पाणी तीनला येईल. ते तीनला आलं.

टाकी दुरुस्त करून परत जागेवर बसवली आहे. तिच्यावर स्लॅब आहे, स्लॅबवर माती आणि लहान मुलांची घसरगुंडी आहे. इमारत भरली आहे. टाकी आता रोज भरलेली असते, त्यामुळे ती वर येणार नाही.

काठी माझ्याकडे आहे, पुस्तकांच्या कपाटाशेजारी उभी. तिच्यावर पेन्सिलीच्या सात रेघा आहेत आणि प्रत्येक रेघेशेजारी वेळ आहे. पहिली दहाची. पाणी चढत गेलं तशी काठी पाइपातून वर येत गेली, म्हणून रेघा वरून खाली उतरतात. पहिल्या तीन एकमेकींच्या जवळ आहेत. पुढच्या लांब लांब आहेत. तीनची रेघ तांबड्या पट्ट्यावरच आहे. शेवटची, चारची, पट्ट्याच्या एक वीत खाली आहे.